माझा कागद परत द्या

मागच्या अंकात कुत्रा चावल्यानंतरच्या इंजेक्शनांवर लिहिलं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली : ‘लस देण्याआधी तुम्हाला कुणी काही विचारतं का?’ त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली, की संपादकांनी यावेळचं सदर त्यालाच द्यायला सांगितलं. पेडण्यापासून काणकोणापर्यंतची पत्रं आहेत. त्यातली पाच घेते. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत. एक आधीच सांगून ठेवते : मी वकील नव्हे. गोव्याच्या आरोग्य खात्यात डॉक्टर म्हणून एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत. न्यायालयाचे निकाल वाचायची खोड लागली ती घरात एक वकील असल्यामुळे. तो माझा नवरा, आणि हे सदर छापायला जाण्याआधी तो एकदा वाचतो.

प्रश्न (फोंडा) : डॉक्टरबाई, माझी मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. शाळेत एका संस्थेतर्फे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देणार आहेत. मुलीच्या डायरीतून फॉर्म आला. खाली लिहिलंय, ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म परत न आल्यास आपली हरकत नाही असे समजले जाईल.’ सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला असली लस कशाला, उद्या मूल होताना अडचण आली तर? मिस्टर बोटीवर आहेत, चवथीला, गणपतीत, येतील. मी नाही म्हटलं तर शाळा काही करू शकते का? आणि हो म्हटलं तर चुकेल का? फॉर्मचा फोटो सोबत पाठवते.

उत्तर : ताई, फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. सहा ओळींचा कागद आहे. त्यात ‘कर्करोग प्रतिबंधक लस’ एवढंच म्हटलंय. कुठल्या कंपनीची, किती डोस, दुसरा डोस कोण आणि कधी देणार, त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा, यातलं काही नाही. आणि सगळ्यात मोठी गफलत म्हणजे मुलीला काही आजार आहे का, कसलं औषध चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, हे विचारणारी एक ओळसुद्धा नाही. सहीसाठी मात्र चांगली लांबलचक रेघ आहे.

त्या शेवटच्या गोष्टीवर मी अडले, त्याचं कारण सांगते.

२०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली. देशात पहिल्या टप्प्यात जी थोडी राज्यं होती त्यांत आपला गोवा होता. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला एक सुई. डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही सकाळी नऊला टेबलं मांडली. बर्फाचा डबा, एकदाच वापरायच्या सुया, डाव्या हाताच्या बोटावर खूण करायचं मार्कर पेन. दुपारपर्यंत पावणेदोनशे मुलं उरकायची होती. ‘उरकायची’ हा शब्द तेव्हा मी स्वतः वापरला, आठवतंय. शाळेनं पालकांना कळवलंय असं आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते मानून घेतलं.

चौथीतली एक मुलगी रांगेत होती, गोबऱ्या गालांची. सुई टोचून घेतली, रडली नाही, बाकावर जाऊन बसली. अर्ध्या तासानं कंपासपेटी घेऊन माझ्याकडे आली. पेटीत कर्कटकाच्या खाली चार घड्या घातलेला वहीचा कागद. ‘बाईंना द्यायचा होता, पण बाई रागावल्या होत्या,’ म्हणाली. वडिलांनी लिहिलं होतं : मुलीला किडनीचा आजार आहे, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) उपचार चालू आहेत, स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत, आज लस देऊ नये, मी संध्याकाळी केंद्रावर येऊन डॉक्टरांशी बोलतो.

वाचणाऱ्यांतल्या डॉक्टरांच्या पोटात गोळा आला असेल. गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूची असते, अशक्त केलेल्या पण जिवंत. स्टेरॉइड भारी मात्रेत दोन आठवडे किंवा जास्त चालू असेल तर ही लस द्यायची नसते. औषध थांबल्यावर महिनाभर थांबून द्यायची असते. ते गोबरे गाल स्टेरॉइडचे होते आणि मी ते बघूनही बघितले नव्हते. मी तिथूनच बांबोळीला, गोमेकॉत, फोन लावला. तिचा डोस उतरवत आणून अगदी थोडा, एक दिवसाआड राहिला होता. तिला काही झालं नाही. ते नशीब. माझं ज्ञान त्यात कुठेच नव्हतं.

संध्याकाळी वडील आले. स्कूटर लावली, ओपीडी संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलीची फाइल. मी उभी राहिले, सगळं सांगितलं, माफी मागितली. ते ओरडतील, पंचाला घेऊन येतील, पेपरात देतील, असं सगळं मनात येऊन गेलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘माझा कागद परत द्या.’ मी तो रजिस्टरला टाचणीनं लावला होता. काढून दिला. त्यांनी तो पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवला आणि गेले. पुढे त्यांच्या धाकट्याच्या लशी त्यांनी म्हापशाला खाजगी डॉक्टरकडे, पैसे भरून घेतल्या. आमच्या केंद्रावर फुकट होत्या.

म्हणजे तो माणूस लसीच्या विरोधात नव्हताच! आमच्याकडे नसलेली माहिती त्याच्याकडे होती आणि ती पोचवायला त्याला एक कागद हवा होता. त्या दिवसापासून संमतीपत्राकडे मी उलट बाजूनं बघते. डॉक्टर पालकांना काय सांगतो हे त्यात असतंच, पण पालक डॉक्टरला काय सांगतात हे जास्त कामाचं. तुमच्या फॉर्मवर नेमकी तीच जागा नाही.

आता कायदा. २०१८ च्या डिसेंबरात दिल्ली सरकारनं शाळांतून हीच गोवर-रुबेला मोहीम राबवायचं परिपत्रक काढलं, पालकांना न विचारता. काही मुलांच्या वतीनं पालक उच्च न्यायालयात गेले. २२ जानेवारी २०१९ ला निकाल आला : संमतीशिवाय मुलांना लस देता येईल हे गृहीतच चूक. सरकारचं म्हणणं असं होतं, की जाहिरातीत दुष्परिणाम छापले तर पालक बिचकतील. न्यायालय म्हणालं, जाहिरात असतेच मुळी पालकांनी समजून निर्णय घ्यावा म्हणून. मोहीम मात्र थांबवली नाही. फॉर्म पाठवा, परत आला नाही तर वर्गशिक्षकांनी फोन करा, नकार दिला त्याला देऊ नका. खूप प्रयत्न करूनही ज्या पालकांशी संपर्कच झाला नाही आणि ज्यांनी कुठे नकारही कळवला नाही, त्यांच्या मुलांना देता येईल, एवढी एक फट ठेवली. तुमच्या शाळेनं ती फट उघडून तिचा दरवाजा केलाय. ‘शुक्रवारपर्यंत आला नाही तर हरकत नाही’ हे त्या निकालात बसत नाही. निकाल दिल्लीचा, गोव्यातल्या शाळेवर थेट बांधील नाही, हे खरं. पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायला पुरेसा आहे.

तुम्ही नाही म्हटलंत म्हणून शाळा मुलीला वर्गाबाहेर काढू शकते का? तसं करायला कुठल्या कायद्याचा आधार मला दिसत नाही, नवऱ्यालाही दिसला नाही.

या लसीच्या बाबतीत तर शाळांनी जास्तच जपून वागायला हवं, कारण आपल्या देशात एकदा हात पोळलेत. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यांत याच लसीचा प्रकल्प सुरू झाला. हजारो मुली, बऱ्याचशा आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुलींचे मृत्यू झाले आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत त्या मृत्यूंचा संबंध लसीशी जोडता आला नाही. पण कागद तपासले तेव्हा आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केलेल्या निघाल्या. आई-बापाच्या जागी वॉर्डन! संसदेच्या समितीनं २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. एका चांगल्या लसीचं नाव त्या सह्यांनी खराब केलं, आणि तुमच्या सासूबाईंच्या मनातली भीती कुठून तरी फिरत फिरत तिथूनच आली असणार.

सासूबाईंना सांगा : या लसीत विषाणू नसतोच, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. त्याच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन असतं. त्यानं गर्भाशयाला, पाळीला, पुढे मूल होण्याला काही होत नाही. जगात ही लस २००६ पासून दिली जाते; आपल्या पुण्यात बनलेली २०२३ मध्ये आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापैकी सत्तर टक्के ज्या दोन प्रकारच्या विषाणूंमुळे होतात, ते दोन्ही तिच्यात धरलेत. ‘एवढ्याशा पोरीला कशाला’ याचं उत्तर हेच, की विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तरच तिचा खरा उपयोग. नऊ ते चौदा या वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस; जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून एका डोसलाही मान्यता देते. पंधरानंतर सुरू केली तर तीन. हात दुखतो, थोडा ताप येतो. या वयाच्या मुलींना सुईच्या धास्तीनं चक्कर येते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, लगेच जिना चढायला पाठवायचं नाही. आणि लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही.

माझी मुलगी असती तर मी दिली असती. पण या सहा ओळींच्या कागदावर नव्हे. उद्या शाळेत जा, लसीचं नाव आणि डॉक्टरांचं नाव लिहून मागा. मिळालं तर द्या. नाही मिळालं तर शुक्रवारच्या आत ‘नाही’ असं लेखी कळवा, पोच घ्या, आणि तीच लस दवाखान्यात नेऊन द्या. मुलगी अकरा वर्षांची आहे; तिलाही समोर बसवून सांगा, कागदावर तिची सही लागत नसली तरी. मिस्टरांच्या सहीसाठी चवथीपर्यंत थांबायची गरज नाही, आईची पुरते. व्हिडिओ कॉलवर त्यांना सांगून टाका म्हणजे घरात वाद नको.

प्रश्न (म्हापसा) : मी ७९ वर्षांचा आहे. आमच्या लहानपणी, पोर्तुगीज अमदानीत, देवी टोचायला माणूस यायचा. आई हात धरायची, तो टोचायचा, संपलं. दंडावर अजून दोन वण आहेत. कुणी विचारलं नाही आणि आमचं काही बिघडलंही नाही. उलट देवीचा रोग नाहीसा झाला. आता प्रत्येक सुईमागे कागद आणि कोर्ट. हे फाजील लाड नव्हेत काय?

उत्तर : काका, वण माझ्याही दंडावर आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. देवीचा भारतातला शेवटचा रोगी १९७५ मधला, आणि १९८० मध्ये रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. त्या शेवटच्या वर्षांत काही ठिकाणी दारं ढकलून, माणसांना धरून टोचलं, हेही खरं आहे. रोग गेला, पण दार ढकलल्याची आठवण त्या वस्त्यांतून इतक्या लवकर गेली नसणार.

पण तुम्ही म्हापशाचे, म्हणून तुमच्या गावातलीच गोष्ट काढते. १९८९. डॉमनिक डिसोझा, नेमानं रक्तदान करणारा तरुण. दिलेल्या रक्ताची तपासणी झाली, त्याला न विचारता, न सांगता. एचआयव्ही निघाला. पोलिसांनी उचलला आणि म्हापशातल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवला. का, तर आपल्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याची आई लुसी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं ती तरतूद वैध ठरवली. तुम्ही तेव्हा चाळिशीत असाल, तुम्हाला त्या इमारतीबाहेरची गर्दी आठवत असेल. मी तेव्हा शिकत होते, आणि आमच्या वॉर्डात त्यानंतर कितीतरी दिवस माणसं रक्त तपासायला हात पुढे करत नव्हती. डॉमनिक १९९२ मध्ये गेला. २०१७ मध्ये देशाच्या कायद्यात आलं, की एचआयव्हीची तपासणी माणसाला समजावून, त्याची संमती घेऊन करायची. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली.

बळजबरीनं रोगी सापडत नाहीत, काका, लपतात.

प्रश्न (मडगाव) : सासूबाई ७६ वर्षांच्या. दम्याचा त्रास. डॉक्टरांनी फ्लूची लस सांगितली, त्या ‘मला नको’ म्हणतात. माझे मिस्टर म्हणतात, मी मुलगा आहे, मी सही करतो, तपासणीला म्हणून नेऊ आणि देऊन टाकू. चालेल का?

उत्तर : नाही. त्या शुद्धीत आहेत, त्यांना कळतं, मग सही त्यांचीच. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल आहे, समीरा कोहली यांचा. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईंना तपासणीसाठी भूल दिली, आणि त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. न्यायालय म्हणालं, सज्ञान बाईची संमती तिची आईसुद्धा देऊ शकत नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली नव्हे. सुई त्यामानानं लहान गोष्ट, पण नियम तोच.

आणि फसवून दिलीत तर त्या पुढच्या वेळी दम्याच्या पंपालाही हात लावणार नाहीत. त्यांना ‘का नको’ हे विचारलंत का? पत्रात तरी ते कुठे नाही. दम्याला फ्लूची लस चांगलीच, हे डॉक्टरांना त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे बघून सांगायला लावा. तुमच्याकडे बघून नको.

प्रश्न (वास्को) : मी तारवटी, जहाजावर कुक. पुढच्या महिन्यात जॉइनिंग, पश्चिम आफ्रिकेची फेरी. कंपनी म्हणते यलो फीव्हरची लस घेतल्याचा पिवळा दाखला आणा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. सुप्रीम कोर्टानं तर सांगितलंय, लसीची सक्ती करता येत नाही. मग ही सक्ती नव्हे का? शिवाय मला अंडं खाल्लं की अंगावर गांधी उठतात.

उत्तर : भाऊ, शेवटचं वाक्य पहिलं लिहायला हवं होतंत. ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. अंड्याची ॲलर्जी जोरदार असेल तर घेऊ नये. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात लस घ्यायला जाल तेव्हा सुईच्या आधी हे सांगा, नंतर नव्हे. गांधी उठतात म्हणजे नेमकं काय होतं, ओठ सुजतात का, श्वास लागतो का, तेही सांगा. देता येत नाही असं डॉक्टरांचं मत पडलं तर तसं वैद्यकीय सूट देणारं पत्र मिळतं. ते पत्र समोरच्या देशानं मानायचं की नाही, हे त्या देशावर.

आता सक्तीचं. २ मे २०२२ चा तो निकाल कोविडचा आहे. डॉ. जेकब पुलियेल, स्वतः बालरोगतज्ज्ञ, लसीकरणावर सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय गटाचे माजी सदस्य, यांनी केलेली याचिका. लोक त्यातली एकच ओळ पाठ करतात. तीन ओळी आहेत. एक : घटनेच्या कलम २१ खाली स्वतःच्या शरीरावर माणसाचा हक्क आहे, कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही. दोन : समाजाच्या आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, पण ती कारणाच्या प्रमाणात हवीत, त्यावेळी रोग ओसरला होता, म्हणून लस न घेतलेल्यांवरची बंधनं प्रमाणाबाहेर ठरली. तीन : लसीनंतर झालेल्या त्रासाची माहिती लोकांसमोर ठेवा, माणसाचं नाव उघड न करता. ही तिसरी ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल मला आजवर एकही पत्र आलेलं नाही.

तुमचं प्रकरण वेगळं. यलो फीव्हरचा दाखला आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतला आहे, कंपनीच्या डोक्यातून निघालेला नव्हे. तिकडचे देश तो मागतात, आणि तिकडून दाखल्याशिवाय परत आलात तर आपलं सरकारही तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. आपल्याकडे तो रोग नाही, पण तो पसरवणारा डास घराघरात आहे, डेंगीचा तोच. तुम्हाला धरून कुणी टोचत नाही. त्या फेरीला जायचं तर ही अट, एवढंच. अट आणि सक्ती यांच्यात रेघ कुठे, हे दर वेळी सोपं नसतं. माझी कसोटी अशी : अट मोडल्यावर दुसरा रस्ता उरतो का? दुसऱ्या फेरीचं जहाज उरतं. रेशन, शाळा, इस्पितळाची खाट यांना लसीची अट लावली तर उरत नाही. तिथे मी तिला सक्तीच म्हणेन.

घेणार असाल तर उशीर करू नका. दाखला टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो. २०१६ पासून तो जन्मभर चालतो, त्यामुळे ‘दहा वर्षं झाली, परत घ्या’ असं कुणी म्हणालं तर मान हलवू नका.

प्रश्न (वाळपई) : मी अंगणवाडी सेविका. दोन घरं लस घेऊ देत नाहीत. वरून सांगतात, शंभर टक्के दाखवा. एका मदतनीस बाईनं सांगून टाकलं, की घेतली नाही तर रेशन बंद होईल. त्यावर एका घरानं लगेच मुलाला आणलं. हे बरोबर झालं का?

उत्तर : नाही झालं, आणि तुम्हालाही ते पटलेलं नाही, नाहीतर पत्र लिहिलं नसतंत. रेशन बंद होत नाही. आज ना उद्या त्या घराला हे कळेल, आणि पुढच्या वेळी तुम्ही खरं सांगायला गेलात तरी ते खोटंच वाटेल.

वाळपईच्या म्हणून माकडतापाचं, त्या गोचिडीतून होणाऱ्या तापाचं, सांगते, तुम्हाला आठवेलच. २०१५ मध्ये पाली गावात काजूच्या बागायतीत कामाला जाणारी माणसं आजारी पडली आणि सत्तरीत माकडतापाचं नाव घरोघर झालं. पुढे बंगळूरहून लस आली. एका महिन्याच्या अंतरानं दोन डोस, मग सहा-नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दरवर्षी. आणि दुखायची, अशी दुखायची की टोचलेला हात दोन दिवस डोक्यापर्यंत जात नसे. एक बाई मला सरळ म्हणाली, ‘हात उबारूंक जायना जाल्यार काजू कोण पुंजायतलो?’ म्हणजे हात उचलता आला नाही तर काजू कोण गोळा करणार? मोसम तीन महिन्यांचा, बोंडू झाडाखाली पडून कुजतात, तिच्या घरची वर्षाची अर्धी कमाई त्यातच. मी गोचीड कशी चिकटते, ताप कसा चढतो, सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि नको म्हणाली.

रजिस्टरमध्ये नकाराचं कारण लिहायचा रकाना असतो. माझ्या आधीच्या पानांवर त्यात एकच शब्द खाली खाली उतरत गेला होता : ‘अज्ञान’, ‘अज्ञान’, ‘अज्ञान’. मी लिहिलं : ‘काजूचा मोसम. हात दुखतो. पावसात विचारावे.’ तिला अंगाला लावायचं गोचीड-तेल दिलं, संध्याकाळी घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग तपासायला सांगितलं. पावसात जाऊन विचारलं. तिनं दोन्ही डोस घेतले, डाव्या हाताला.

२०२२ मध्ये ती लस बंद झाली, पुरेसं संरक्षण देत नाही म्हणून. वाळपईच्या बाजारात ती बाई भेटली तेव्हा मीच तिला सांगितलं. ‘म्हणजे तेव्हा नको म्हटलेलं बरोबर होतं?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, अर्धं. तिनं काजूच्या वाट्यात एक पैसा कमी केला नाही.

तेव्हा तुम्ही असं करा. रेशनची भीती घातली त्या घरी स्वतः जा आणि ते खोटं होतं हे सांगा. मूल आता आलंच आहे, तर दुसऱ्या डोसची तारीख त्यांच्याकडूनच घ्या. उरलेल्या घरी, देणार का, हे आधी विचारू नका. मुलाला काही आजार आहे का, मागच्या लसीनंतर काय झालं होतं, हे विचारा. ताप आला होता, रात्रभर मूल रडलं, गोळी कुणी दिली नव्हती, असं काहीतरी बहुधा निघेल. निघेल ते त्यांच्याच शब्दांत रकान्यात उतरवा, वरच्यांना तसंच पाठवा, आणि शंभर टक्क्यांच्या जागी जो आकडा होतो तो लिहा. विचारलं तर माझं नाव सांगा. मी आता निवृत्त आहे, माझी बदली होत नाही.